बिग बॉस मराठी, चौथे पर्व : स्पर्धक कमी पडले की कार्यक्रम?

रंकाळाकाठ

नमस्कार. बिग बॉस मराठी, म्हणजे स्पर्धकांना एका घरात कॅमेऱ्यांसमोर एकत्र ठेवणारा आणि प्रेक्षकांच्या मतांवर चालणारा खेळ. त्याचे पाचवे पर्व ६ ऑक्टोबर २०२४ रोजी संपल्यापासून ओळखीतल्या बहुतेक प्रेक्षकांच्या तोंडी एकच वाक्य आहे, की चौथ्यापेक्षा हे कितीतरी बरे झाले. त्याला जोडून दुसरे वाक्यही ठरलेले असते, की चौथ्या पर्वात माणसेच धड निवडली नव्हती. पहिले वाक्य मला मान्य आहे, दुसरे मुळीच मान्य नाही, आणि त्याविषयी सविस्तर बोलता यावे म्हणून हा धागा काढत आहे.

चौथे पर्व २ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाले आणि ८ जानेवारी २०२३ रोजी अक्षय केळकर यांच्या विजयाने संपले. अपूर्वा नेमळेकर उपविजेत्या ठरल्या, किरण माने तिसरे आले, राखी सावंत नऊ लाख रुपये स्वीकारून अंतिम फेरीतून बाहेर पडल्या आणि आपल्या कोल्हापूरच्या अमृता धोंगडे यांना पाचव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. याखेरीज तेजस्विनी लोणारी, प्रसाद जवादे, अमृता देशमुख, विकास सावंत, यशश्री मसुरकर अशी मंडळी त्या घरात होती. स्वभाव, वय, बोलीभाषा, कामाची पार्श्वभूमी या सगळ्यांत इतका फरक असलेले घर कुणाला कमकुवत वाटत असेल, तर त्याने कारणे द्यावीत.

माझी तक्रार वेगळी आहे. निम्म्याहून अधिक पर्व उलटून गेल्यावर 'चॅलेंजर' या नावाखाली चार जणांना एकदम घरात पाठवण्यात आले. दुसऱ्या पर्वातले आरोह वेलणकर, तिसऱ्या पर्वाचे विजेते विशाल निकम, त्याच पर्वातल्या मीरा जगन्नाथ आणि हिंदी बिग बॉसमुळे सर्वांना ठाऊक असलेल्या राखी सावंत असे ते चौघे होते. ते आले आणि ज्यांनी दोन महिने एकमेकांना सोसून ते घर उभे केले होते, ते आपल्याच घरात पाहुणे झाले. शंभर दिवसांच्या खेळात प्रेक्षक मुख्यतः माणूस बदलताना पाहण्यासाठी बसलेला असतो. पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघराबाहेर न पडणारा सदस्य आठव्या आठवड्यात कॅप्टनला, म्हणजे त्या आठवड्याच्या घरप्रमुखाला, जाब विचारतो, तेव्हा आपल्याला त्याचे मागचे सारे दिवस आठवतात आणि म्हणून तो क्षण मोलाचा वाटतो. नेमक्या त्याच टप्प्यावर कार्यक्रमाचा स्वतःच्या माणसांवरचा विश्वास उडाला, असे माझे मत आहे.

तुमचा अनुभव काय? एकच विनंती आहे. स्पर्धकांच्या खासगी आयुष्याविषयी लिहू नये, खेळाविषयी लिहावे.

बिंदूचौक

ताई, धागा चांगला आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. चॅलेंजर आले तेव्हा ते पर्व आधीच थंड पडले होते, आणि ते थंड पडले होते याला घरातली माणसेच जबाबदार होती.

२०१८ चे पहिले पर्व आठवून पाहा. लोणावळ्याच्या त्या घरात शिरणाऱ्यांपैकी कुणालाही मराठीत हा खेळ कसा रंगेल याची कल्पना नव्हती. मेघा धाडे यांनी डाव आखायला सुरुवात केली तेव्हा इतरांना राग आला, कारण इथे डाव आखायचा असतो हेच अनेकांना पटलेले नव्हते. त्या रागातून खरे वाद झाले आणि खऱ्या मैत्रीही जुळल्या. चौथ्या पर्वापर्यंत प्रत्येक जण मागची तीन पर्वे पाहून, अभ्यास करून आला होता. कुणाशी भांडल्यावर प्रोमोत दिसतो, कुणाची बाजू घेतल्यावर शनिवारी शाबासकी मिळते, कोणत्या प्रसंगी रडू आवरायचे नसते, याची सगळ्यांना माहिती होती. दीर्घकाळ चालणाऱ्या कोणत्याही स्पर्धेला हा रोग जडतोच. खेळाडू खेळापेक्षा शहाणे होतात. अशा वेळी निर्मात्यांनी बाहेरून काही तरी टाकून घर ढवळले, तर त्यांना दोष कसा द्यायचा?

नववी_गल्ली

मी राजारामपुरीत राहते. आमच्या घरी पहिली तिन्ही पर्वे सासूबाई, मी आणि माझी मुलगी अशा तिघींनी एकत्र बसून पाहिली. चौथ्या पर्वात सासूबाई सर्वांत आधी उठल्या, आणि त्यांनी सांगितलेले कारण वरच्या दोन्ही मतांपेक्षा वेगळे होते. त्यांचे म्हणणे असे, की 'या पोरांना खेळूच देत नाहीत, नुसते भांडायला लावतात.'

त्याचा अर्थ मला पुढे एका कॅप्टनसीच्या कार्यात, म्हणजे कॅप्टनपद मिळवण्याच्या स्पर्धेत, नीट कळला. कार्य सुरू झाले, वस्तू पळवापळवी झाली, दोन्ही गटांनी एकमेकांना अडवले आणि संचालकाने, म्हणजे कार्याचा पंच नेमलेल्या सदस्याने, निर्णय दिला. इथवर सगळे ठीक होते. त्यानंतर मात्र तो निर्णय योग्य होता की नाही यावर जो वाद पेटला, तो कार्यापेक्षाही लांबला. एक जण संचालकाच्या तोंडासमोर नियमाचा कागद नाचवत होता, दुसरी सोफ्यावर बसून कॅमेऱ्याकडे पाहत आपलीच बाजू मांडत होती आणि स्वतः संचालक 'माझा निर्णय अंतिम आहे' एवढे एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. बिग बॉसने, म्हणजे घराला सूचना देणाऱ्या आवाजाने, मध्येच थांबवून नियमाचा अर्थ स्पष्ट केला असता, तर दोन मिनिटांत विषय मिटला असता. पण तो कुणीच स्पष्ट केला नाही, कारण नियमातली संदिग्धता हाच त्या भागाचा मालमसाला होता. दुसऱ्या दिवशी तोच वाद, आठवड्याच्या शेवटी चावडीवर, म्हणजे सूत्रसंचालक सदस्यांची झडती घेतात त्या भागात, पुन्हा तोच वाद. रात्री दहा वाजता, दिवसभराचे सगळे आटोपून बसलेल्या बाईने एकच भांडण तीन वेळा का ऐकावे?

म्हणून बिंदूचौक यांना माझे सांगणे आहे, की माणसे शहाणी झाली होती हे खरे असले तरी त्या शहाणपणाला वाव देणारे कार्य कुणी आखलेच नाही. शक्तीची आणि पळवापळवीची कार्येच पुन्हा पुन्हा येत राहिली. बुद्धी, स्मरणशक्ती, वाटाघाट यांना जागा असती, तर तेच शहाणे खेळाडू चांगले खेळले असते.

यंत्रमाग

मी इचलकरंजीचा. आमच्याकडे रात्रपाळीला मागाशेजारी मोबाईल उभा करून कार्यक्रम पाहणारे पुष्कळ आहेत. खटखटाटात आवाज कानावर पडत नाही, त्यामुळे चेहरा पाहूनच कोण काय म्हणत असेल ते ओळखायचे. चौथे पर्व आमच्या खात्यात फारसे कुणी पाहिले नाही. पाचवे मात्र सगळ्यांनी पाहिले, आणि ते केवळ इचलकरंजीचे धनंजय पोवार, म्हणजे आमचे डीपी दादा, त्यात होते म्हणून नव्हे.

बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण घरात बावरून उभा राहायचा, त्याला कार्याचा कागद नीट वाचता येत नसे, आणि तरीही तो पुढे पुढे जात राहिला. तसे उभे राहणे आमच्या ओळखीचे होते. चौथ्या पर्वात बहुतेक सगळे मालिकांतून, चित्रपटांतून आलेले होते. त्यांना कॅमेरा नवा नव्हता आणि आम्हाला ते नवे नव्हते. माझ्या मते मूळ चूक निवडीचीच आहे. ताईंनी नावे मोजली, पण त्यांतली बहुतेक एकाच व्यवसायातली आहेत, हे लक्षात घ्यावे.

सातारारोड

यंत्रमाग, किरण माने यांना विसरू नका. ते अभिनेते असले तरी त्या घरात सातारी बोलीत, सातारी रोखठोकपणे वावरले आणि त्यासाठी त्यांनी कुणाची परवानगी मागितली नाही. त्यांची आणि विकास सावंत यांची जोडी हा मला त्या पर्वाचा सर्वांत खरा भाग वाटतो. एकमेकांवर रुसणे, दुसऱ्याने आपला वापर केला अशी शंका येणे, पुन्हा एका ताटाशी येऊन बसणे, हे सगळे त्यांच्यात झाले. ते पर्व मी शेवटपर्यंत आवडीने पाहिले आणि त्याला सरसकट फसलेले म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

कळंबा_नाका

माझ्यापुरते ते पर्व तेजस्विनी लोणारी यांना हाताच्या दुखापतीमुळे बाहेर पडावे लागले त्या दिवशी संपले. त्यानंतर कोण जिंकते याचे मला काहीच वाटले नाही.

ध्वनिखोली

मी ध्वनी विभागात काम करतो. बिग बॉसच्या चमूत मी कधीही नव्हतो, पण मोरेवाडीच्या चित्रनगरीत आणि इतरत्र मालिकांचे काम केले आहे. त्यामुळे या धाग्यात न आलेली एक बाजू मांडतो.

अशा घरात प्रत्येक सदस्याच्या अंगावर सतत माईक असतो. माईक काढला, हाताने झाकला किंवा कुजबुजले की बिग बॉस टोकतात, ते याच कारणाने. दिवसाचे चोवीस तास, अनेक कॅमेरे आणि प्रत्येकाचा स्वतंत्र आवाज एवढ्या साठ्यातून रात्री आपल्याला जेमतेम तासाभराचा भाग दिसतो आणि त्यातही जाहिराती असतात. याचा अर्थ असा, की घरात काय घडले यापेक्षा कथा बांधणाऱ्यांनी कोणता धागा हाती धरला यावर आपले मत ठरते. पहिल्या महिन्यात त्यांनी दोन माणसांमधली एखादी मैत्री दाखवायला घेतली असेल, तर ती पुढे मोडणे किंवा टिकणे दाखवण्याची जबाबदारीही त्यांच्यावर येते.

आता चार नवे लोक आले असे समजा. तास तेवढाच आहे. नव्या चौघांचे येणे, त्यांचे प्रत्येकाशी पहिले बोलणे, त्यांच्यावरच्या प्रतिक्रिया हे सगळे दाखवणे भाग पडते, कारण त्यांना आणण्यासाठी पैसे आणि प्रसिद्धी खर्ची पडलेली असते. मग कात्री कुणावर चालणार? जे दोन महिने तिथे आहेत त्यांच्या शांत, सावकाश गोष्टींवर. सातारारोड यांना जी जोडी भावली, तिच्यासारखी आणखी दोन-तीन नाती त्या घरात पिकत होती असे मला पाहताना जाणवत होते. शेवटच्या महिन्यात त्यांचे पुढे काय झाले ते आपल्याला कळलेच नाही. माणसे तिथे होती, प्रसंगही घडत असणार, पण त्यांच्यासाठी मिनिटे उरली नाहीत. म्हणून रंकाळाकाठ ताईंच्या मुद्द्याला माझा दुजोरा आहे.

मोरेवाडी_फाटा

मला चॅलेंजरांची बाजू मांडायची आहे, विशेषतः विशाल निकम यांची. 'दख्खनचा राजा जोतिबा' या मालिकेचे चित्रीकरण आपल्या चित्रनगरीत होत होते तेव्हापासून आमच्या भागात त्यांच्याविषयी आपुलकी आहे. तिसरे पर्व जिंकलेला माणूस पुन्हा घरात येतो आणि तिथल्या सदस्यांना त्यांच्या उणिवा तोंडावर सांगतो, यात मला काहीच गैर दिसले नाही. दोन महिन्यांत त्या घरातले गट पक्के झाले होते, कोण कुणाला नॉमिनेट करणार, म्हणजे बाहेर जाण्याच्या यादीत टाकणार, हे आम्ही घरबसल्या सांगत होतो. चॅलेंजर आले आणि निदान काही दिवस पुढचे सांगता येईनासे झाले. शंभर दिवसांच्या कार्यक्रमात अशी उलथापालथ हवीच.

रंकाळाकाठ

सर्वांचे आभार. मोरेवाडी_फाटा, तुमच्या प्रतिसादाला आधी उत्तर देते, कारण माझा मूळ मुद्दा तिथेच अडकलेला आहे.

माजी विजेत्याने एक-दोन दिवस येऊन घराला आरसा दाखवणे याला माझा विरोध नाही. वाइल्ड कार्डला, म्हणजे पर्व सुरू झाल्यावर मध्येच येणाऱ्या स्पर्धकालाही, नाही. स्नेहलता वसईकर वाइल्ड कार्ड म्हणून आल्या तेव्हा त्या स्पर्धक आहेत, त्या नॉमिनेट होऊ शकतात आणि करंडकासाठी खेळत आहेत, हे सर्वांना माहीत होते. चॅलेंजरांबाबत ही स्पष्टता आम्हा प्रेक्षकांना मिळाली नाही. ते पाहुणे होते की स्पर्धक होते? पाहुणे असतील, तर त्यांच्यापैकी एक अंतिम पाचांत कशा पोहोचल्या? आणि स्पर्धक असतील, तर पहिल्या दिवसापासून राबलेल्यांनी आणि शेवटच्या महिन्यात आलेल्यांनी एकाच रेषेवर उभे राहणे न्याय्य कसे? राखी सावंत यांच्यावर माझा राग नाही. त्या बोलावल्या म्हणून आल्या आणि त्यांना जे उत्तम जमते ते त्यांनी मनापासून केले. प्रश्न बोलावणाऱ्यांना आहे.

आपण कोल्हापूरचे आहोत, म्हणून खासबागेचे उदाहरण देते. कुस्ती लागली आहे, दोन्ही मल्ल घामाने निथळत आहेत, निकाल लागत नाही म्हणून लोक अस्वस्थ झाले आहेत. अशा वेळी पंचांनी तिसरा ताजातवाना मल्ल आखाड्यात सोडला, तर मैदान क्षणभर उसळेल हे खरे. पण त्यानंतर जो निकाल लागेल त्याला कुणी निकाली कुस्ती म्हणणार नाही. पंचांनी करायचे ते एवढेच, की कुस्ती नियमाने आणि लवकर सोडवायची. इथे नेमके पंच ढिले होते. नववी_गल्ली यांनी संचालकाच्या वादाचे जे वर्णन केले आहे, ते मला माझ्या मुद्द्याचाच अर्धा भाग वाटते. आधी नियम सैल ठेवायचे आणि खेळ विसकटला की बाहेरून माणसे आणायची.

करवीर_ते_ठाणे

मूळचा शिवाजी पेठेतला, सध्या ठाण्यात. मतदानाविषयी कुणीच लिहिले नाही याचे आश्चर्य वाटले.

या खेळात प्रेक्षक बाहेर काढण्यासाठी मत देत नाही, वाचवण्यासाठी देतो. हा भेद वरवर किरकोळ वाटतो, पण त्याचे परिणाम फार खोल आहेत. ज्याच्यामागे आधीच्या मालिकेमुळे किंवा समाजमाध्यमांमुळे ठरावीक चाहते आहेत, तो घरात काही न करताही आठवड्यामागून आठवडे सुरक्षित राहतो. जो धडपडतो, वाद ओढवून घेतो, सगळ्यांशी उघड बोलतो, तो दर आठवड्याला नॉमिनेट होतो आणि एखाद्या आठवड्यात कमी पडून बाहेर जातो. हळूहळू घरात सावध माणसेच उरतात. बिंदूचौक ज्याला स्पर्धकांचे शहाणपण म्हणतात, ते पुष्कळ अंशी या मतपद्धतीने शिकवलेले शहाणपण आहे. शिवाय आठवड्याला कुणाला किती मते पडली याचे आकडे प्रेक्षकांपुढे मांडले जात नाहीत. आकडे दिसले असते, तर चौथ्या पर्वात कुणावर अन्याय झाला आणि कुणाला प्रेक्षकांनीच नाकारले, याचा वाद इतकी वर्षे चाललाच नसता.

बक्षिसाच्या रकमेकडेही पाहावे. विशाल निकम यांना २० लाख मिळाले, अक्षय केळकर यांना १५ लाख ५५ हजार आणि सूरज चव्हाण यांना १४ लाख ६० हजार. विजेत्याच्या श्रमाचे मोल पर्वागणिक उतरत जाणे मला तरी खटकते.

बिंदूचौक

करवीर_ते_ठाणे यांचा मतदानाचा मुद्दा मला पटला. वाचवण्याच्या मतांमुळे सावधपणा पोसला जातो हे बरोबर आहे. पण तीच मतपद्धत पहिल्या तीन पर्वांतही होती, हे विसरून चालणार नाही. दुसऱ्या पर्वात शिव ठाकरे, नेहा शितोळे यांनी त्याच पद्धतीत जीव ओतून खेळ केला. मग चौथ्यातच सगळे सावध का झाले? मी पुन्हा माणसांपाशीच येतो.

नववी_गल्ली

माणसांपाशीच यायचे असेल, तर अमृता धोंगडे यांच्याविषयी बोलू या. आपल्या गावच्या म्हणून नव्हे, तर त्यांच्या उदाहरणात हा सगळा वाद नीट दिसतो म्हणून.

सुरुवातीच्या आठवड्यांत त्या कोल्हापुरी ठसक्यात बोलायच्या, कुणाचेही ऐकून घ्यायच्या नाहीत आणि त्यामुळे अनेकांच्या रोषाला पात्र ठरायच्या. माझ्या मुलीला त्या अजिबात आवडत नव्हत्या. पुढे त्यांच्यात फरक पडत गेला. ऐकून घेणे वाढले, उत्तर देण्याआधी थांबणे आले. मुलीने एका रात्री आपणहून सांगितले, की आता या आवडायला लागल्या आहेत. एका प्रेक्षकाचे मन असे वळते तेव्हा कार्यक्रमाचे काम झालेले असते. पण त्यानंतरच्या आठवड्यांत पडद्यावर नव्या पाहुण्यांचेच राज्य सुरू झाले आणि ज्या बदलासाठी आम्ही थांबलो होतो तो बदल पुढे कुठवर गेला, हे आम्हाला दिसलेच नाही. त्या अंतिम पाचांत पोहोचल्या, म्हणजे त्यांनी काही तरी भक्कम केले असणार. ते आम्ही पाहिले नाही, याची चुटपुट मला अजून आहे. त्या पाचव्या आल्या याची नाही.

यंत्रमाग

नववी_गल्ली ताई, हे वाचून बरे वाटले. आमच्या डीपी दादांचेही पाचव्या पर्वात तसेच होते. आले तेव्हा लोकांना वाटले, की हे रीलवर दिसतात तसे फक्त हसवतील. शेवटी ते चौथे आले, पण त्यांचे रागावणे, खचणे, घरच्यांच्या आठवणीने गप्प होणे हे सगळे आम्हाला दाखवले गेले. फरक पडला तो त्यामुळे.

गंगावेस

पाचव्या पर्वाचे इतके कौतुक चालले आहे म्हणून लिहिणे भाग आहे. ते सत्तर दिवसांत गुंडाळले गेले. २८ जुलैला सुरू झाले आणि दसऱ्याच्या आत संपलेही. आधीच ८ जानेवारी २०२३ नंतर दीड वर्षाहून अधिक काळ मराठीत पर्वच झाले नव्हते. इतक्या प्रतीक्षेनंतर तीस दिवस कमी मिळाले. आपल्या कोल्हापूरचे शरीरसौष्ठवपटू संग्राम चौगुले वाइल्ड कार्ड म्हणून आले आणि थोड्याच दिवसांत बाहेर पडले. त्यांना ओळखायलाही अवधी मिळाला नाही. दिवस कमी करणे हीसुद्धा स्वतःच्या माणसांवर विश्वास नसल्याचीच खूण नाही का?

सातारारोड

गंगावेस, दिवस कमी झाले हे खरे, पण पाचव्या पर्वात नियमाचा धाक दिसला. आर्या जाधव यांनी निक्की तांबोळी यांच्यावर हात उगारला तेव्हा त्यांना थेट घराबाहेर काढण्यात आले. आर्या यांच्या बाजूने बाहेर पुष्कळ लोक होते, तरीही निर्णय बदलला नाही. निर्णय आवडो न आवडो, नियम काय आहे हे त्या दिवशी सर्वांना कळले. नववी_गल्ली यांना चौथ्या पर्वात ज्याची उणीव भासली ती हीच गोष्ट असावी.

सूत्रसंचालकाचाही थोडा भाग आहे. चार पर्वे महेश मांजरेकर यांची चावडी होती आणि पहिल्या पर्वात तिचा दरारा काही औरच होता. चौथ्यापर्यंत सदस्यांना त्या रागावण्याची सवय झाली आणि मान खाली घालून 'हो सर' म्हटले की विषय संपतो, हेही ते शिकले. पाचव्यात रितेश देशमुख यांचा 'भाऊचा धक्का' आला तेव्हा सदस्यांना समोरच्याचा अंदाज नव्हता आणि म्हणून ते पुन्हा मनापासून उत्तरे देऊ लागले. यात मांजरेकरांचे काही चुकले असे मी म्हणत नाही. एकच पद्धत चार पर्वे राबवली की तिची धार जाते.

ध्वनिखोली

गंगावेस यांच्या प्रश्नाला माझ्याकडून उत्तर. दिवस किती, यापेक्षा एका सदस्याच्या वाट्याला पडद्यावरची किती मिनिटे येतात हे महत्त्वाचे आहे. सत्तर दिवसांत सोळा-सतरा माणसांना न्याय देता येतो आणि शंभर दिवसांतही देता येत नाही. सुरुवातीपासून असलेल्यांची गोष्ट शेवटपर्यंत नेली, तर सत्तर दिवस पुरतात. निम्म्या वाटेवर नवी गोष्ट सुरू केली, तर शंभरही अपुरे पडतात.

रंकाळाकाठ

चर्चा खूप पुढे गेली आहे, म्हणून पुन्हा मूळ प्रश्नाकडे येते. यंत्रमाग यांचे म्हणणे, की निवड एकाच व्यवसायातून झाली, मला विचार करण्याजोगे वाटते. घरात शेतकऱ्याचा, दुकानदाराचा, पैलवानाचा आवाज असेल तर बोलण्याची पट्टी बदलते हे पाचव्या पर्वात दिसले. तरीही सातारारोड यांनी दाखवलेली मैत्री आणि नववी_गल्ली यांच्या मुलीचे वळलेले मन हे दोन्ही त्याच घरात, त्याच अभिनेत्यांत घडले. तेव्हा माणसे असमर्थ होती, हे मी अजूनही मानणार नाही.

वाहिनीला लिहायचे झाले तर मी तीन गोष्टी मागेन. वाइल्ड कार्ड आणायचेच असतील तर ते पहिल्या महिन्याभरात आणावेत आणि ते स्पर्धक आहेत हे त्याच दिवशी जाहीर करावे. माजी सदस्य पाहुणे म्हणून यावेत, पण त्यांनी घरात मुक्काम ठोकू नये. आणि संचालकाच्या निर्णयावर वाद झाला, तर बिग बॉसने त्याच भागात नियमाचा अर्थ सांगून तो मिटवावा, चावडीसाठी राखून ठेवू नये.

करवीर_ते_ठाणे

चौथी मागणी माझ्याकडून जोडा. अंतिम फेरीच्या रात्री तरी पाचही जणांच्या मतांचे आकडे जाहीर करावेत.

मोरेवाडी_फाटा

तीनपैकी पहिली आणि तिसरी मागणी मान्य. दुसरी नाही. विशाल निकम पुन्हा घरात राहायला आले, तर मी रोज रात्री टीव्हीसमोर असेन.

बिंदूचौक

मागण्यांना माझा पाठिंबा आहे. नियम स्पष्ट असावेत, आकडे दिसावेत, पाहुण्यांनी पाहुण्यासारखे राहावे, यांत वाद घालण्यासारखे काही नाही. पण चौथे पर्व मी काही भाग पुन्हा पाहून मगच पुढे लिहीन, आणि विशेषतः नोव्हेंबर २०२२ मधले, म्हणजे चॅलेंजर येण्याआधीचे भाग. घर तेव्हाच गारठले होते की आपण ते नंतरच्या नाराजीतून तसे आठवतो आहोत, हे पडताळल्याशिवाय मी माझे मत मागे घेणार नाही. ध्वनिखोली, शक्य असेल तर तुम्हीही तेच भाग पाहावेत. कोणते प्रसंग जोडून दाखवले आहेत आणि कुठे कात्री लागली असावी, हे तुमच्या कानाला आमच्यापेक्षा लवकर कळेल.